हिरवळीवरचं दार

माझ्या हिरवळीवर आमचं स्वयंपाकघर उमटलं, तेव्हा मी ऑफिसात बसून भलत्याच एका शाळेच्या आवारात सावली कुठे पाडायची याचा विचार करत होते. सावली पाडणं हा माझा धंदा आहे. लोक घरं बांधतात, मी घरांच्या मधली जागा बांधते. झाड कुठे, वाट कुठे, पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे मुरेल, म्हाताऱ्या माणसाला किती चालल्यावर बाक लागेल, असल्या गोष्टी. उद्यान खात्याच्या साहेबांनी मोबाइलवर फोटो पाठवला आणि मी तो उघडायच्या आत त्यांचा फोनही आला. "मॅडम, तुमच्या हिरवळीला गजकर्ण झालंय." साहेब विनोदी आहेत, म्हणजे स्वतःच्या मते. फोटो त्यांनी बागेच्या कडेच्या पाण्याच्या टाकीवर चढून काढला होता. उन्हाळ्यानं फिकट झालेल्या गवतावर पूर्ण वाळलेल्या, करड्या रेघा. आधी काही कळेना. मग चौकोन दिसले, चौकोनाला लागून चौकोन, एका रांगेत, आणि रांगेच्या टोकाला बदामाचं झाड. मी फोटो बोटांनी मोठा केला. झाडाकडून तिसरं घर. पुढची खोली, मधली भिंत, मागे स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात हिरवागार तुकडा, बाकी सगळं करपलेलं असताना एवढाच ओला, आताच कुणी तिथे भांडी घासून उठल्यासारखा. ती आमची मोरी होती. साहेब फोनवर "हॅलो, हॅलो" करत होते आणि माझ्या नाकात, इतक्या वर्षांनी, टर्पेंटाइनचा वास आला.

"खाली दगड आहे, साहेब," मी म्हटलं. माझा आवाज नेहमीचाच निघाला. या आवाजानं मला आजवर पुष्कळदा वाचवलंय. "जुन्या घरांची जोती आहेत खाली. जोत्यावर मातीचा थर पातळ, म्हणून तिथलं गवत आधी वाळतं. गटार होतं तिथे गाळ साचलाय, म्हणून ते हिरवं राहतं. यात काही बिघडलेलं नाही." साहेब म्हणाले, "तुम्हाला आणि मला कळलं हो. सोमवारी पाहणी समिती येतेय, बागेला बक्षीस द्यायचं की नाही ते ठरवायला. त्यांना काय सांगू, खाली घर आहे आणि वर यायला बघतंय?" आणि ते हसले. मी हसले नाही, तेव्हा ते गडबडले आणि कामाचं बोलले: एक तर फवारे लावून रात्रंदिवस पाणी सोडायचं, नाहीतर वरचा थर खरवडून आयत्या हिरवळीच्या गुंडाळ्या आणून अंथरायच्या आणि भोवती तार ओढायची. बाग माझी, तेव्हा माझा होकार हवा. "उद्यापर्यंत कळवा," ते म्हणाले. "तुमचं ते पाणी न पिणारं गवत म्हणजे एकादशीच्या घरी शिवरात्र."

पाणी न पिणारं गवत ही माझीच हौस होती. तिथे रंगाचा कारखाना होता आणि कारखान्याच्या कामगारांची वसाहत. कारखाना बंद पडला, वसाहत रिकामी झाली, पाडली, आणि मग कित्येक वर्षं ती जागा नुसती पडून होती. पावसाळ्यात तिथलं पाणी खालच्या गल्ल्यांत शिरायचं, उन्हाळ्यात धूळ उडून पोरं खोकायची. तिथे बाग करायचं ठरलं आणि काम आमच्या ऑफिसाकडे आलं. मी तिथे लहानाची मोठी झाले हे मी कुणाला सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. कुणी विचारलं नाही, आणि नोकरीच्या अर्जात मागच्या घरांचा रकाना नसतो. मी नियम एकच केला होता: बाहेरून काही आणायचं नाही, आतलं काही बाहेर न्यायचं नाही. पाडलेल्या घरांच्या विटा कुटून वाटांखाली घातल्या. जोती उखडून दुसऱ्या कुणाच्या उशाशी ढीग करण्यापेक्षा ती जागीच ठेवून वर माती घातली. सखल भागात पाणी अडवून मुरवलं. नळाचा एक थेंब न मागता जगेल असं इथलंच गवत पेरलं. उन्हाळ्यात ते वाळतं, पण मरत नाही, झोपतं. आता खालच्या गल्ल्यांत पाणी शिरत नाही, म्हाताऱ्या बायका सकाळी चालायला येतात, पोरं सावलीत खेळतात. मला या बागेचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. फक्त एवढंच की आतलं काही बाहेर न्यायचं नाही हा नियम मी केला, तेव्हा आत काय काय आहे याचा मी विचार केला नव्हता.

दुपारी मी गेले. बागेत चिटपाखरू नव्हतं. उभं राहिल्यावर रेघा फोटोतल्याएवढ्या स्पष्ट दिसत नाहीत. टाकीवरून जे घर होतं ते जमिनीवरून नुसतं कुठे गवत जास्त वाळलेलं, कुठे कमी. पण एकदा माहीत झाल्यावर डोळे ऐकत नाहीत. मी हिरवळ सरळ ओलांडून जायला निघाले आणि करड्या रेघेपाशी पाय थबकला. भिंत होती ना तिथे. स्वतःलाच हसू आलं, पण पाय काही उचलेना. शेवटी मी गवतातून वळसा घेऊन दाराकडे गेले, आणि तेव्हा ती वाट दिसली.

माझ्या धंद्यात अशा वाटांना फार मान आहे. आम्ही कागदावर कितीही नागमोडी वाटा काढल्या तरी माणसं शेवटी आपल्याला हवं तिथूनच चालतात, आणि त्यांच्या पायांनी गवत झिजून जी रेघ पडते ती खरी वाट. शहाणा माणूस तिच्याशी भांडत नाही, पुढच्या वर्षी तिथेच फरशी घालतो. अशी वाट नेहमी जवळचा रस्ता काढते. ही काढत नव्हती. ती बदामाच्या झाडापासून निघत होती, पहिल्या घरासमोरून, दुसऱ्या घरासमोरून सरळ येत होती, आणि तिसऱ्यापाशी काटकोनात वळून दारातून आत जात होती. हिरवळ चारी बाजूंनी मोकळी, अडवायला कुंपण नाही, काठी नाही, तरी ही वाट दारातूनच आत गेली होती. आत ती पुढच्या खोलीच्या डाव्या अंगाला जाऊन संपत होती, आणि जिथे संपत होती तिथे गवत पार उडालेलं, मातीला बसका खोलगट आकार आलेला. कुणीतरी तिथे बसत होतं. पुढच्या खोलीतून आणखी एक पुसट वाट मागे गेली होती, पण ती सरळ स्वयंपाकघराच्या भिंतीतून आरपार. ती परक्या माणसांची, फाटकाकडे जाणाऱ्यांची. दारातून येणारी मात्र जुनी होती, खोल होती. रेघा तर या महिन्यात उमटल्या. त्या दिसायच्या कितीतरी आधीपासून, सगळं हिरवंगार असताना, कुणाला तरी ठाऊक होतं की दार कुठे आहे.

मला घाम फुटला. उन्हाचा नव्हे. माझ्या मागे कुठेतरी सायकल ढकलत नेल्यावर चाकातून येते ती टिकटिक ऐकू आल्यासारखं वाटलं आणि मी मागे वळून पाहिलं नाही. या आवाजाला मी कधीच मागे वळून पाहत नाही. रस्त्यात, बाजारात, कुठेही. ती माझी युक्ती आहे: पाहिलं नाही की तो नसल्याचंही कळत नाही.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. मी बारा वर्षांची असताना एका दुपारी तो उठला, सायकल घेतली, "चाकात हवा भरून येतो" म्हणाला आणि गेला. भांडण नाही, तंटा नाही, परीक्षेचा निकाल नाही, पोरगी नाही. लोकांनी सगळं शोधून पाहिलं. सायकल त्याने स्वतः रंगवलेली होती, बाबांनी कारखान्यातून आणलेल्या उरल्यासुरल्या निळ्या रंगानं, आणि रंग घंटीतही गेल्यामुळे ती वाजायची नाही, नुसती खटखटायची. ताटावर झाकण घालून आईनं ते ओट्यावर ठेवलं होतं. पोलीस झाले, नातेवाईक झाले, पेपरात फोटो झाला. बाबा सुटीच्या दिवशी दूरदूरच्या गावांना जायचे आणि एकटे परत यायचे. काही वर्षांनी तेही गेले, म्हणजे वारले. आमच्या घरात हे वेगळं सांगावं लागतं. आणि आईनं घराच्या दाराची कडी लावणं सोडलं. दिवसा, रात्री, दार नुसतं लोटलेलं. वसाहत रिकामी करायची नोटीस आली तेव्हा सगळ्यात शेवटी आम्ही निघालो. निघताना आईनं दारावर नव्या घराचा पत्ता रंगानं लिहिला, ठळक, मोठ्या अक्षरात. "चांगल्यापैकी रंग आहे," म्हणाली, "दहा पावसाळे हलणार नाही." पुढच्याच आठवड्यात बुलडोझर आला. मला तेव्हा काय वाटलं ते सांगून टाकते: सुटलो असं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. घरच नाही म्हटल्यावर वाट कुठल्या दाराशी बघणार?

ते दार बुटकं होतं. वसाहतीची सगळीच दारं तशी, कुण्या ठेंगण्या इंजिनिअरनं आपल्या मापानं आखलेली. बाबा उंच. त्यांच्या कपाळावर कायम एक टेंगूळ असायचं, आणि ते म्हणायचे, "कारखान्यात साहेबासमोर वाकत नाही तो माणूस मी, पण घरात शिरायचं तर वाकूनच. तुझ्या आईची व्यवस्था आहे ही." दादाला मिसरूड फुटली तसा तोही वाकायला लागला. त्याचं वाकणं वेगळं, आधी मान डावीकडे कलती करायचा आणि मग खांदा आत, सायकल मागे ओढत. पुढे मीही तशीच ताडमाड वाढले. पण मी वाढले ती वर्षं आमच्या घरात कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. माझे फ्रॉक आखूड झाल्याचं शेजारच्या काकूंनी आईला सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी घरी आले तर आमच्या फ्लॅटचं दार नेहमीप्रमाणे लोटलेलं. चौथ्या मजल्यावर, दिवसाढवळ्या. त्यातून आजवर समोरच्यांचं मांजर, गॅसवाला, धर्माची पुस्तकं विकणारे आणि एकदा पत्ता चुकलेलं अख्खं लग्नाचं वऱ्हाड आत आलेलं आहे. "चोर शिरला म्हणजे?" असं मी विचारते आणि आई म्हणते, "शिरू दे. काय नेईल? तुझ्या कुंड्या आणि तुझी माती." आई सत्तरीच्या पुढे गेली आहे, पण जिभेचं वय झालेलं नाही. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशन करू म्हटलं की "होईल की" म्हणते. ती खिडकीपाशी वर्तमानपत्र पसरून बसली होती आणि लुगड्याच्या काठातून काहीतरी वेचून त्यावर टाकत होती.

"कुठे होतीस दुपारी?" मी विचारलं. फोन केला तर उचलला नव्हता.

"वाचनालयात. आणखी कुठे जाणार?"

"या डोळ्यांनी काय वाचतेस?"

"मथळे दिसतात मोठे. तेवढ्यावर भागतं. आत सगळं तेच असतं." मग माझ्याकडे मान वळवून, मी जिथे असेन अशा अंदाजानं बघत ती म्हणाली, "आवाज का असा तुझा? कुणी बोललं का काही?"

मी नाही म्हटलं. जेवतानाही सांगावं की नाही याच विचारात मी होते. समज, तो असेल. समज, तो इतकी वर्षं कुठेतरी राहून आता परत आलाय, पत्ता लिहिलेलं दार मिळालं नाही म्हणून घराच्या जागेवर येऊन बसतोय. तर आईला आज सांगायला हवं, आत्ता. आणि समज, तो नसेल, असाच कुणी जुना शेजारी असेल, दारुडा असेल, तर सांगून मी तिला पुन्हा त्या दिवसाच्या दुपारी नेऊन उभी करीन आणि या वेळी ती तिथून परत येणार नाही. उद्या साहेबांना होकार दिला की सगळंच मिटलं. फवारे सुटतील, रेघा बुजतील, तार ओढतील, जो कुणी येतोय त्याची वाट बंद होईल. एका फोनचं काम. मी रात्रभर कूस बदलत राहिले, आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त राग दादाचा येत होता. तो गेला तो एकटा गेला नाही. आईचा चेहरा घेऊन गेला, बाबांच्या सुट्ट्या घेऊन गेला, माझी उंची मोजली असती ती माणसंही घेऊन गेला. आणि आता माझ्या हिरवळीत आला होता, मी इतक्या कष्टानं उभी केलेली एकुलती एक गोष्ट, तिच्याही मध्यभागी येऊन बसला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बदामाखालच्या बाकावर जाऊन बसले. हे झाड आराखड्यात मी 'राखायचे' म्हणून दाखवलं होतं. ऑफिसात सगळ्यांना वाटलं, मुळांमुळे. ऊन कलायला लागलं होतं. बाकाचं लाकूड तापलेलं, माझ्या तळहातांना त्याची धग लागत होती. वाऱ्यानं गवताचा सुकलेला वास येत होता आणि त्याच्या तळाशी, मी शपथेवर सांगेन, रंगाचा वास. माती ते विसरत नाही. आम्ही तपासणी केली तेव्हा अहवालातही तो होता, धोका नाही एवढ्याच अंशानं. माझ्या डोक्यात धंद्याचं गणितही चालू होतं, ते कधी थांबत नाही. ही वाट फरशी घालून पक्की केली तर येणारा प्रत्येक माणूस तिथूनच येणार. पडलेली वाट पायाला ओढते. बुजवली तर कुणीच येणार नाही. यातलं दयाळू कुठलं?

फाटकाच्या बाजूनं कुणी येताना दिसलं. छत्री उघडलेली, उन्हासाठी. चाल ओळखीची वाटली म्हणून मी आधी नीट बघितलंच नाही. ओळखीच्या गोष्टीकडे माणूस कुठे बघतो? छत्री बदामाच्या झाडाला उजवी घालून, माझ्या बाकापासून हाकेच्या अंतरावरून गेली, मला न बघता. पहिल्या घरासमोरून. दुसऱ्या घरासमोरून. तिसऱ्यापाशी छत्री मिटली, कारण उघडी छत्री घेऊन कुणी घरात शिरत नाही. आणि माझी आई काटकोनात वळून दारातून आत गेली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. गेले कित्येक महिने ती संध्याकाळी खिडकीशी बसून लुगड्याच्या काठातून कुसळं वेचत होती. माझ्या गवताची कुसळं. सबंध शहरात ते गवत पेरलेली जागा एकच, आणि ते ओळखणारी बाई मी, आणि मी रोज तिच्यासमोरून चहाचा कप घेऊन जात होते.

ती त्या खोलगट जागी बसली. पिशवीतून पाण्याची बाटली काढून शेजारी ठेवली. आणि दाराकडे तोंड करून बघत राहिली. मला वाटलं उठावं, जाऊन तिला हाताला धरून घरी न्यावं, रागवावं. पण उठता येईना. तितक्यात ती टिकटिक आली. या वेळी ती माझ्या कानातली नव्हती. एक माणूस सायकल ढकलत झाडामागून आला. केस पिकलेले, अंगानं उंच, दादा आज असता त्याच वयाचा, आणि मी जन्मात पहिल्यांदा त्या आवाजाकडे वळून पाहिलं. तो वाटेला लागला. तो दुसऱ्या घरासमोरून गेला, वळला, सायकल घेऊन दारातून आत शिरला. आईनं मान वर केली. त्याच्या तोंडाकडे नाही. दाराच्या वरच्या अंगाला, जिथे चौकट असायची तिथे ती बघत होती. तो ताठ चालत आत आला, तिच्या बाजूनं पुढे गेला, आणि स्वयंपाकघराच्या भिंतीतून आरपार फाटकाकडे निघून गेला. आईनं मान खाली केली आणि बाटलीचं झाकण घट्ट केलं.

मी उठले. वाटेवरूनच गेले, दुसरीकडून जाणं सुचलंच नाही. ऊन माझ्या पाठीशी होतं आणि माझी सावली माझ्या पुढे, पहिल्या घरासमोरून, दुसऱ्या घरासमोरून. तिला काय म्हणायचं याची वाक्यं जुळवत होते. चल घरी. हे काय चालवलंयस? डोळे धड नाहीत, रस्ता ओलांडतेस. तिसऱ्यापाशी वळले आणि दारात वाकले. ठरवून नाही. मान आपोआप डावीकडे कलली, खांदा आत गेला, जसा त्या दारात वर्षानुवर्षं जात होता. कुणाचं बघून शिकले होते ते तेव्हाही कळलं नव्हतं.

आई उठली. जमिनीला हात टेकून, गुडघ्यावर भार देत, धडपडत, पण एका दमात उठली. तिच्या डोळ्यांत सगळं ऊन होतं आणि उन्हात फक्त माझी आकृती. "झाली का रे हवा भरून?" ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग होता. जेवायची वेळ टळून गेल्यावर आलेल्या मुलावरचा साधा, रोजचा राग. मी इतकी वर्षं समजत होते की ती दुःखानं वाट बघते आहे. ती नुसती चिडली होती, उशीर झाला म्हणून.

मला गप्प राहता आलं असतं. दोन क्षण, तीन क्षण, तिला तो मिळाला असता. मला हो म्हणता आलं असतं का, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. तेव्हा तोंडातून निघालं, "आई, मी आहे."

ती तशीच उभी राहिली. मग हात पुढे करून तिनं माझा दंड चाचपला, खांदा चाचपला, आणि टाचा उंचावून माझ्या डोक्यावर हात नेला. "तू होय," ती म्हणाली. आणि मग, "तू केव्हापासून वाकतेस?"

"कॉलेजात जायला लागले तेव्हापासून."

"मला दिसलं नाही." तिनं हात खाली घेतला. "आधी मी एकटीच यायचे इथे. मग वाट पडली तशी माणसंही यायला लागली. दारातून काय, आता सगळेच येतात. प्रत्येकासाठी उठायचं म्हणजे गुडघे राहायचे नाहीत. म्हणून ठरवलं, जो वाकेल त्याच्यासाठी उठायचं. वाकलं कुणीच नाही. आज पहिल्यांदा उठले."

मला दादाचा हेवा वाटला. नाहीशा झालेल्या माणसाचा हेवा. लाज वाटावी अशी गोष्ट, पण वाटला. आईनं तेवढ्यात सरकून जागा केली आणि शेजारची माती थोपटली. "बस. उभी का? तुझीच जागा आहे ही. तुझी गादी इथेच घालायचो आपण."

मी बघितलं. खरंच, डाव्या अंगाला माझी गादी असायची. दादाची खाट पलीकडच्या कोपऱ्यात. काल मला ते आठवलंच नव्हतं. "मग तू इथे का बसतेस? त्याचा कोपरा तर तो."

"तिथून दार दिसत नाही," आई म्हणाली. "तुझ्या जागेवरून दिसतं. लहानपणी तू दार वाजलं की सगळ्यांत आधी उठून बसायचीस. मी बघायचे ना."

मी बसले. गुडघे पोटाशी घेतले तर खड्ड्यात आम्ही दोघी मावलो. फोन वाजला. साहेब होते, फवाऱ्यांचा माणूस समोर उभा आहे म्हणाले, काय सांगू? मी म्हटलं, "फवारे नकोत. गुंडाळ्याही नकोत, तारही नको. हिरवळीत एक वाट पडलीय, ती आराखड्यात घेतेय मी. नवा कागद पाठवते."

"आणि समितीला काय सांगू?"

"खाली लोकांची घरं होती, असं सांगा."

"भुताटकीची बाग म्हणतील हो."

"म्हणू देत," मी म्हटलं.

"आणि त्या रेघा?"

"पावसात जातील. पुढच्या उन्हाळ्यात परत येतील."

आई ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, "कसल्या रेघा?" मी सांगितलं. आपलं घर, आई. भिंती, स्वयंपाकघर, मोरीसुद्धा, गवतावर जसंच्या तसं उठलंय. तिनं डोळे बारीक करून चहूकडे पाहिलं, आणि मला कळलं की तिला यातलं काहीही दिसत नव्हतं, कधीच दिसलं नव्हतं. ज्या रेघांनी मला इथवर ओढून आणलं त्यांचा तिला पत्ताच नव्हता. "असेल," ती म्हणाली. "तू बदाम ठेवलास, मला तेवढं पुरलं. पुढचं पायांना पाठ आहे." तिनं बाटली पुढे केली. "पाणी पी. उन्हातून आलीस."

आम्ही ऊन उतरेपर्यंत बसलो. आणखी दोघं-तिघं दारातून आले, पोरं घेऊन एक बाई आली, आणि प्रत्येक वेळी आईबरोबर माझीही नजर चौकटीच्या उंचीला जात राहिली. कुणी वाकलं नाही. मग आई म्हणाली, "चल." मी तिला उठवलं, पिशवी घेतली, छत्री घेतली. ती आधी बाहेर पडली, तिला वाकावं लागत नाही. तिच्यामागून मी वाकून निघाले आणि वाटेला लागले, तेव्हा ती मागे राहिल्याचं जाणवलं. वळून पाहिलं. आई दाराकडे तोंड करून उभी होती. तिनं हात पुढे केला, हवेत काहीतरी धरलं, आणि दार हळूच आपल्याकडे ओढून लोटून घेतलं. कडी लावली नाही.